मानपत्रातलं खोडलेलं वाक्य

नको, पाणी नको. पेला तिथेच राहू द्या. गेल्या काही महिन्यांत या इमारतीत ज्याने ज्याने मला पाहिलं, त्याने माझ्या हातात पाणीच दिलं आहे. तळमजल्यावर किरणांच्या यंत्राबाहेर एक बाक आहे. तिथे बसून मूत्राशय भरेपर्यंत पाणी प्यायचं, आणि मग ते भरलेलं सांभाळत आपलं नाव पुकारलं जाण्याची वाट पाहायची, हे काम मी इमानेइतबारे केलं आहे. आज बोलायला बोलावलं आहे. तेवढं कोरड्या घशाने बोलू द्या.

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले विश्वस्त, किरणोपचार विभागाच्या मॅडम, आजचे सत्कारमूर्ती डॉक्टरसाहेब, समोर बसलेले डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, आणि मागच्या रांगांमध्ये दाराजवळची खुर्ची धरून बसलेले माझे सर्व रुग्णबंधू. तुम्ही दाराजवळ का बसता ते मला माहीत आहे. मीही आत्तापर्यंत तिथेच होतो. सर्वांना नमस्कार.

मी डॉक्टर नाही. शाळेत गणित शिकवतो. रुग्णांच्या वतीने मला उभं केलं, त्याचं कारण माझा आजार नाही. माझं अक्षर आहे. निवृत्त होणाऱ्या डॉक्टरांना द्यायचं मानपत्र लिहायचं होतं. कुणीतरी म्हणालं, मास्तरांना सांगा, ते मोकळेच आहेत. मी मोकळा नव्हतो, रजेवर होतो. पण लिहिलं.

मघाशी अध्यक्षांनी ते वाचून दाखवलं. टाळ्या झाल्या. मीही वाजवत होतो. एका वाक्यापाशी माझे हात थांबले. शेजारी ही बसली होती, तिने कोपराने ढोसलं. म्हणाली, "अहो, हे डॉक्टरांनी खोडलं होतं ना?"

खोडलं होतं. मला त्या वाक्याबद्दलच बोलायचं आहे. डॉक्टरांचा बाकी गौरव माझ्या आधीच्या वक्त्यांनी केला, तो सगळा खरा आहे आणि माझ्यापेक्षा त्यांनी तो चांगला केला.

वाक्य असं आहे : 'आपल्या सुईने या रुग्णालयातील किरणोपचारांचे यश उंचावले.'

वाक्य मीच लिहिलं होतं. मनातून काढलं नव्हतं. किरणोपचार विभागाकडे जाणाऱ्या बोळात भिंतीवर एक आलेख लावला आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या ज्या रुग्णांचा आजार उपचारांनंतर परत आला नाही, त्यांचा तो आलेख. दोन रेषा आहेत. एक मध्यम धोक्याच्या रुग्णांची, एक जास्त धोक्याच्या रुग्णांची. मध्ये एका ठिकाणी लाल बाण आहे. डॉक्टरांनी त्यांची नवी सुई सुरू केली तो काळ. बाणानंतर दोन्ही रेषा वर चढतात. त्या आलेखासमोर उभं राहून किती जणांनी धीर घेतला असेल? मी घेतला आहे. रोज आत जाताना एकदा आणि बाहेर येताना एकदा.

ज्यांच्यावर ही वेळ आलेली नाही त्यांच्यासाठी सुईबद्दल, म्हणजे बायोप्सीबद्दल, थोडं सांगतो. मागच्या रांगांनी माफ करावं.

जुनी पद्धत अशी होती. सोनोग्राफीच्या पडद्यावर ग्रंथी दिसते, पण तिच्यातली गाठ बहुतेक वेळा दिसत नाही. म्हणून ठरलेल्या जागांवर सुया मारायच्या आणि जे हाती येईल ते तपासायला पाठवायचं. डॉक्टरांनी इथे आणलेली पद्धत वेगळी. आधी एमआरआय काढायचा. त्यात संशयाचा डाग कुठे आहे ते पाहायचं. मग ते चित्र सोनोग्राफीच्या हलत्या चित्रावर बसवायचं आणि सुई थेट डागात न्यायची.

बाकावर माझ्या शेजारी एक कुलूपवाले बसायचे. किल्ल्या हरवलेल्या लोकांची दारं उघडून देणं हा त्यांचा धंदा. ते म्हणायचे, "मास्तर, जुनी सुई म्हणजे अंधारात किल्ली घुमवणं. भोक सापडेस्तोवर दाराला ओरखडे." त्यांना सांगायचा अधिकार होता. दुसऱ्या गावी दोनदा त्यांच्यावर जुन्या पद्धतीची सुई झाली होती. दोन्ही वेळा स्वच्छ. डाग ग्रंथीच्या पुढच्या भागात होता, मागून मारलेल्या सुया तिथवर पोचतच नाहीत. आपल्या डॉक्टरांना तो पहिल्याच खेपेला सापडला. तोवर आजार हाडांत उतरला होता. कुलूपवाले आज या सभागृहात नाहीत. ते वरच्या मजल्यावर खाटेवर आहेत. येताना त्यांना भेटून आलो. डॉक्टरांना काय सांगू म्हणून विचारलं. म्हणाले, "सांगा, आधी भेटायला हवे होतात."

निरोप पोचवला.

तेव्हा ही सुई मोठी गोष्ट आहे, यात मला शंका नाही. माझ्या बोलण्याचा कुणी उलटा अर्थ लावू नये.

डॉक्टरांच्या कामाच्या दोन सवयी मी पाहिल्या. पहिली सवय आवाजाची. सुई सुटताना खटका वाजतो, मोठा वाजतो. डॉक्टर पहिला खटका हवेत वाजवतात. "मास्तर, ऐकलंत? एवढाच आवाज. आता हाच आतून ऐकायचा." पाय वर बांधलेल्या माणसाशी इतकं सभ्यपणे मी कुणाला बोलताना ऐकलेलं नाही.

दुसरी सवय बाटल्यांची. डागात मारलेल्या सुयांचे तुकडे ते एका बाटलीत ठेवतात. मग डाग विसरून, जुन्या पद्धतीने सगळीकडे सुया मारतात आणि ते तुकडे दुसऱ्या बाटलीत. मी पडल्या पडल्या विचारलं, "डाग दिसतोय, मग बाकीकडे कशाला?" ते म्हणाले, "डाग दिसला म्हणून बाकीचं स्वच्छ आहे, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" तपासणाऱ्यांनाही त्यांनी सांगून ठेवलं आहे, दोन बाटल्यांचा निकाल वेगवेगळा द्या. काहींना ही कटकट वाटते असं मी ऐकतो. माझ्या आयुष्यातला सगळा घोळ त्या दोन बाटल्यांनी घातला आहे, आणि तरी मी त्यांच्या बाजूने बोलणार आहे.

माझा निकाल असा आला. सगळीकडच्या सुयांमध्ये आजार मध्यम प्रकारचा. डागातल्या सुयांमध्ये जास्त उग्र. धरायचं ते जास्त उग्र. त्यामुळे माझा गट, जास्त धोका.

किरण दोन्ही गटांना घ्यावे लागतात. ते मी घेतले, आणि डाग कुठे आहे हे माहीत असल्यामुळे त्याला थोडे जादा मिळाले. फरक पडतो तो इंजेक्शनात. या गाठीचं खाद्य म्हणजे पुरुषाच्या अंगातलं संप्रेरक. ते पोटावर इंजेक्शन देऊन बंद करतात. मध्यम धोक्याच्या माणसाला सहा महिने. जास्त धोक्याच्या माणसाला दोन वर्षं, कधी तीन.

माझे सहा महिने संपले. पुढचं इंजेक्शन उद्या सकाळी आहे.

हे इंजेक्शन काय करतं? अंगातून उकाडा उठतो, पंखा सुरू असला तरी. स्नायू सैल पडतात. राग जातो. आमच्या घरी सुरुवातीला त्याचं स्वागत झालं. ही म्हणाली, "लग्न झाल्यापासून सांगतेय, रागावू नका. माझं नाही ऐकलंत, एका सुईचं ऐकलंत." मी हसलो. हसता हसता रडायला लागलो आणि थांबता येईना. तेव्हापासून ही भांडी आवाज न करता ठेवते.

घरातल्या आणखी काही गोष्टी बंद झाल्या. त्या इथे सांगायच्या नाहीत. मागच्या रांगा खाली पाहायला लागल्या आहेत, म्हणजे पोचलं.

पण मी रजा घेतली ती यातल्या कशामुळे नाही. एके दिवशी फळ्यावर वर्तुळाचा एक सिद्धांत सिद्ध करत होतो. हजारदा शिकवलेला. अर्ध्यात खडू थांबला. पुढची पायरी काय, ते मला माहीत नव्हतं. आठवत नव्हती असं नाही. तिथे काहीच नव्हतं. मी वर्गाकडे पाठ करून उभा राहिलो. वर्ग शांत बसला होता. इतका शांत वर्ग मी कधीच मागितला नव्हता.

हे इंजेक्शनामुळेच झालं का? कुणी ठामपणे सांगत नाही. वयामुळे असेल, काळजीमुळे असेल. मला वाटतं, इंजेक्शनामुळे. मला फळ्यापाशी परत जायचं आहे.

हिचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, "तुम्ही विसरलात तर मी आठवण करून देईन. तुम्ही नसलात तर कुणाला करून देऊ?"



असं आमचं चाललं असताना मी मानपत्राचा कच्चा मसुदा दाखवायला डॉक्टरांकडे गेलो. ही बरोबर होती. डॉक्टरांची खोली तुम्ही पाहिली असेल. दिवसासुद्धा पडदे ओढलेले, संगणकाच्या दोन पडद्यांचा उजेड, आणि तिसऱ्या खुर्चीवर नेहमी कुणाच्या तरी फिल्मांची पाकिटं. ती उचलून त्यांनी हिला बसायला जागा केली. मसुदा वाचला. एक शुद्धलेखनाची चूक काढली. माझी चूक, मास्तराची! मग त्या वाक्यावर आडवी रेघ मारली.

"हे काढा."

मी म्हणालो, "का? खोटं आहे?"

"खरं आहे असं मला सांगता येत नाही."

"बोळात आलेख आहे."

"आलेख खरा आहे. तुम्ही कोणत्या गटात?"

"जास्त धोक्याच्या."

"आणि माझी डागातली सुई झालीच नसती तर?"

दुसऱ्या बाटलीचा निकाल मला पाठ होता. मी म्हणालो, "मध्यम."

"म्हणजे तुम्ही एका गटातून दुसऱ्यात गेलात. तुमची गाठ बदलली का?"

"नाही."

"तुमच्यासारखे बरेच गेले," ते म्हणाले. "मध्यम गटातले सर्वांत वाईट निघून गेले, तो गट सुधारला. ते जास्त धोक्याच्या गटात आले, तिथे ते सर्वांत बरे. तोही गट सुधारला."

गणिताच्या मास्तराला हे दोनदा सांगावं लागत नाही. शाळेत अ तुकडी हुशार मुलांची, ब तुकडी कच्च्या मुलांची. अ तुकडीतली शेवटची पाच-सहा मुलं उचलून ब तुकडीत बसवा. अ तुकडीची सरासरी वाढते, कारण मागे पडलेली गेली. ब तुकडीचीही वाढते, कारण तिथल्यांपेक्षा बरी आली. दोन्ही तुकड्यांचा निकाल चढला. आणि एकाही मुलाला एकही गणित जास्त येत नाही.

मी म्हणालो, "डॉक्टर, हे तर तुकड्या बदलणं झालं."

ते हसले. "शाळेत याचा सत्कार करतात का?"

"करतात."

"इथेही करतायत," ते म्हणाले.

मग हसणं गेलं. ते म्हणाले, "सुधारणा झालीच नाही असं नाही म्हणत मी. यंत्रं सुधारली. डागाला जादा किरण देता येतात. सुटून जाणारे सापडतात. पण त्या चढलेल्या रेषेत किती सुधारणा आणि किती तुकड्या, हे मला वेगळं काढता आलं नाही. बाटल्या त्यासाठीच वेगळ्या ठेवत होतो. अजून पुरेशी वर्षं झालेली नाहीत. आणि माझी वर्षं संपली."

सभागृहात बसलेल्या सुज्ञांच्या लक्षात आलं असेल की माझा प्रश्न इथून सुरू होतो. लांब मुदतीचं इंजेक्शन फायद्याचं, हे सिद्ध झालं जुन्या सुईच्या काळातल्या रुग्णांवर. न पाहता मारलेल्या सुईतही ज्यांचा उग्र आजार हाती लागला, त्या माणसांवर. त्यांचा आजार बहुधा मोठा, पसरलेला असणार. माझा तसा लागला नाही. नेम धरून गेल्यावर लागला. त्यांचा आणि माझा गट एक आहे. पण आम्ही एकाच दाराने आत आलेलो नाही.

मी विचारलं, "मग मला दोन वर्षं इंजेक्शन हवं की नको?"

ते म्हणाले, "माहीत नाही."

ही मध्येच म्हणाली, "माहीत नाही म्हणजे? सुई तुम्हीच मारलीत ना?"

"मीच मारली. म्हणून तर म्हणतोय."

"तुमच्यावर आली असती वेळ, तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तर मीही असंच कुणाच्या तरी खोलीत जाऊन बसलो असतो, वहिनी. आणि हेच विचारलं असतं."

बाहेर जिन्यात ही मला म्हणाली, "माणूस चांगला आहे. पण चांगल्या माणसाने असं बोलू नये."

मी त्यावर बरेच दिवस विचार केला. चांगल्या माणसाने कसं बोलावं? मी खरं सांगतो, त्या खोलीत मी मसुदा घेऊन गेलो होतो ते निमित्त होतं. मला त्यांच्या तोंडून 'नको' ऐकायचं होतं. 'मास्तर, पुरे झालं, जा शाळेत.' एवढं ते म्हणाले असते तर मी ते वाक्य मोठ्या अक्षरांत लिहिलं असतं. हिला त्यांच्या तोंडून 'घ्याच' ऐकायचं होतं. आम्ही दोघंही रिकाम्या हाताने आलो. ते दोघांनाही खूश करू शकले असते, एकेकट्याला भेटून. पुष्कळ लोक करतात.

मॅडम, तुमचं म्हणणं मी विसरलेलो नाही. तुम्ही स्पष्ट सांगितलंत, नियम आहे, घ्या. तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच सांगितलं असतं. समोर माणूस बसलेला असताना नियमाखेरीज हातात दुसरं काय असतं? मी तुमच्यावर नाराज नाही.

आता ते वाक्य. खोडलेलं वाक्य मानपत्रात परत कसं आलं, हे मी विचारणार नाही. ज्याने घातलं त्याचा हेतू चांगलाच असणार. निरोपाच्या दिवशी माणसाला त्याच्या वाट्याहून थोडं जास्त द्यावंसं वाटतं. त्यात वाईट काय?

वाईट एवढंच, की मागच्या रांगेत कुणीतरी असा बसला आहे ज्याची सुई पुढच्या आठवड्यात आहे. तो हे वाक्य घरी घेऊन जाईल. मग त्याचा निकाल येईल, तो एका गटात पडेल, आणि त्याला वाटेल की आपल्याबद्दल सगळं कुणाला तरी माहीत आहे. सहा महिन्यांनी तो फळ्यापाशी, किंवा त्याचं जे काही असेल त्यापाशी उभा राहील, आणि त्याला प्रश्न पडेल. तेव्हा त्याला वाटेल, प्रश्न पडणं हाच आपला दोष.

ते वाक्य खरं असावं, असं या सभागृहात माझ्याइतकं कुणालाच वाटत नसेल. मला उद्या सकाळी त्याची गरज आहे.

पण ज्याने पहिल्या सुईपासून दोन बाटल्या वेगळ्या ठेवल्या, त्याच्या मानपत्रात आपण सगळं एकाच बाटलीत का ओतायचं?

मानपत्र चौकटीत गेलं आहे. काच बसली आहे. ती काढा, असं मी म्हणत नाही. अध्यक्ष महोदय, माझी मागणी लहान आहे. कानावर येतं की डॉक्टर गेल्यावर डागाचे आणि बाकीचे तुकडे एकत्रच पाठवायचा विचार आहे, काम वाचतं म्हणून. ते करू नका. बाटल्या वेगळ्या ठेवा. माझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या कामाला येईल असं दिसत नाही. माझ्यानंतर बाकावर बसणाऱ्याच्या कामाला येईल. आणि येईल तेव्हा ते याच सद्गृहस्थांमुळे आलेलं असेल. त्या दिवशी लिहा तुम्ही ते वाक्य. अक्षर माझंच हवं असेल तर बोलवा. हात तेवढे दिवस टिकले तर येईन.

डॉक्टरसाहेब, तुम्ही मान हलवताय. हो म्हणताय की नाही, ते इथून कळत नाही. राहू दे.

तुमच्या गुणांचा हा कार्यक्रम मी माझ्या दुखण्याने भरून टाकला. रुग्णांच्या वतीने बोलायचं होतं, आणि मी बहुतेक वेळ एकाच रुग्णाच्या वतीने बोललो. रुग्णालयाचे, विश्वस्तांचे, तळमजल्यावरच्या तंत्रज्ञांचे, आणि ज्यांनी मला इथे उभं केलं त्या सर्वांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्याने कुणाचा मान दुखावला असेल तर तो दोष माझ्या जिभेचा समजावा, डॉक्टरांच्या नावाला त्याचा डाग लागू देऊ नये. बोलायचं काही सुटलं असेल तर ते तुम्ही मनात पुरं करून घ्यावं. डॉक्टरसाहेब, तुम्हाला निरोगी आणि रिकामे दिवस लाभोत. मी रजा घेतो.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं इंजेक्शनाच्या खोलीत गेलो. मॅडम स्वतः आल्या होत्या. म्हणाल्या, "मास्तर, काल तुम्ही बोललात ते बरोबर आहे. मलाही माहीत नाही. नियम मी तुम्हाला सांगितला. घेतलं नाहीत तर रक्त तपासत लक्ष ठेवू." मी हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, "माझ्याकडे बघू नका. मी आता काही म्हणणार नाही. तुम्ही ठरवा." आणि ती खिडकीबाहेर पाहत बसली. पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली होती. मी खाटेवर आडवा झालो आणि शर्टाची खालची बटणं काढली.